उंबऱ्यावर मोजणारे मारोतकाका

रोज सकाळी आमच्या गोदामाचं दार उघडलं की मारोतकाका उंबऱ्याबाहेर एका अंगाला उभे राहायचे आणि आतून एकेक मांजर बाहेर पडेल तसा मोठ्याने आकडा म्हणायचे. "लाभ." मग "दोन." मग "तीन." धान्याच्या बाजारात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि मारोतकाकांचा जन्म मापं मोजण्यात गेलेला. मांजरं चार होती. चौथं बाहेर आल्याशिवाय काका चहाच्या कपाला हात लावत नसत. चौथी नेहमी भुरी असायची आणि भुरीला कधीच घाई नसायची. मी गल्ल्यावरून चहा थंड होतोय म्हणून ओरडायची, तर ते मान न वळवता हाताने थांब म्हणायचे.

मारोतकाका हयात आहेत, हे आधीच सांगून टाकते. गिरडजवळच्या एका खेड्यात बहिणीकडे असतात. तरीही त्यांच्याबद्दल बोलताना माझ्या तोंडून 'होते'च निघतं. मांजरांच्या गमती मी लोकांना पुष्कळदा सांगितल्या आहेत. लोक हसतात, मीही हसते, आणि मग काहीतरी काम काढून मागच्या खोलीत जाते. त्या रविवारचं त्यांतल्या कोणालाच सांगितलेलं नाही. आता लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते.

आर्वीत आमचं धान्याचं दुकान आहे. तूर, हरभरा, सोयाबीन. बाबांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी नागपूरची नोकरी सोडून आले आणि गल्ल्यावर बसले. बाई माणूस गल्ल्यावर, म्हणून पहिले काही महिने लोक सौद्याला यायचे आणि बाबा कुठे आहेत विचारायचे. मारोतकाका तेव्हा काट्यापाशी उभे असत. ते फक्त एवढंच म्हणत, "मालकीन बसली हाये ना समोर. बोला." बाबांच्या लग्नाच्याही आधीपासून ते आमच्याकडे मापाडी. मला खांद्यावर घेऊन त्यांनी गावची जत्रा दाखवलेली. गिऱ्हाइकासमोर ते मला ताई म्हणत, एरवी पोरी. कौसल्याकाकू गेल्या, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून गोदामाच्या मागच्या खोलीतच त्यांचं बिऱ्हाड होतं. एक खाट, एक स्टोव्ह आणि चार मांजरं.

मांजरं ठेवली होती उंदरांसाठी. पण उंदीर धरायचं काम त्यातली एकटी भुरीच करायची, बाकीचे नुसते पगारी. सगळ्यात थोरला शेठ. हा पिवळा बोका इलेक्ट्रॉनिक काट्यावर जाऊन बसायचा, कारण ते पत्र्याचं ताट दुपारी गार असे. शेतकरी पोतं घेऊन उभा, काट्यावर शेठ, आणि उठवलं की आपल्याच दुकानात आपला अपमान झाल्यासारखा बघणार. एकदा एका शेतकऱ्याने काट्यावर संशय घेतला. काकांनी शेठला उचलून काट्यावर ठेवलं. आकडा आला चार किलो दोनशे. "काल बी एवढाच होता, परवा बी एवढाच. काटा बरोबर हाये भाऊ, याचं खानं पाह्य." शेतकरी हसला आणि माल उतरवला.

दुसरा दलाल. काळा, अंगाने बारीक, नजर तेज. सौदा पटत आला की हा कुठूनतरी येऊन दोघांच्या मधे बसायचा. त्याची गल्लीत तीन घरं होती आणि तिन्ही घरांत तीन नावं. समोरच्या कापडवाल्यांकडे तो चक्क शाकाहारी म्हणून ओळखला जाई, पोळी-दूध खाऊन त्यांच्या पूजेच्या वेळी डोळे मिटून बसे, आणि तिथून निघाला की थेट मटणाच्या दुकानामागे. तिसरी बाईसाहेब. तिला पिशवीचं दूध चालत नसे. वाटी हुंगून ती पंजाने जमीन उकरायची, घाण झाकतात तशी, आणि माझ्याकडे पाठ करून बसायची. काका स्वतः बिनदुधाचा चहा पीत आणि तिच्यासाठी गवळ्याकडून पावशेर दूध आणत. मी त्यावरून त्यांना खूप चिडवलं. ते म्हणत, "ते माहेरून खाऊन-पिऊन आली हाये, तिची सवय नाई मोडत."

भुरी मात्र वेगळी होती. राखाडी, एक कान फाटका, काट्याचा बीप वाजला तरी थप्पीमागे पळणारी. काकांशिवाय कोणाला अंगाला हात लावू देत नसे. काका पोतं शिवायला बसले की ती त्यांच्या मांडीला पाठ लावून बसे, आणि सुतळीचा दोरा हलला तरी त्यावर झडप घालत नसे, जे मांजराच्या जातीला शोभत नाही. तिची तीन वेळची पिल्लं बोक्यांनी मारली होती. प्रत्येक वेळी ती दोन-तीन दिवस गोदामभर हाका मारत फिरायची आणि काका तिच्यामागे फिरायचे. तिसऱ्या वेळी ते जेवलेच नाहीत. मी रागावले तर म्हणाले, "पोरी, एक तरी वाचलं पाह्यजे तिचं. बस्स, एक. मले बी पाह्याचं हाये." कौसल्याकाकूंचीही तीन बाळं जन्मून गेलेली, हे आईने मला नंतर सांगितलं. काका ते कधीच बोलले नाहीत.

मापाड्याचं मोजणं कसं असतं ते इथे सांगायला हवं. मापाडी थप्पी मोजत नाही. थप्पीत पोतं दडतं, दोनदा धरलं जातं. तो उंबऱ्यावर उभा राहतो आणि ओलांडताना मोजतो. पोतं उंबऱ्याबाहेर पडलं, आकडा पडला, मग त्याच्याकडे परत बघायचं नाही, नजर पुढच्यावर. काकांचं ठरलेलं वाक्य होतं, "आकडा पडला, बात खतम." पन्नास वर्षांत त्यांचा एक आकडा चुकलेला कोणाला आठवत नाही. बाबांना बोलता येईनासं झालं तरी कोणी पोत्यांवरून वाद घातला की ते उजवा हात उचलून काकांकडे दाखवत, आणि वाद मिटे.

त्या वर्षी हरभऱ्याला भुंगा लागला. थप्पीखाली हात घातला की पीठ हाताला यायचं. गोळ्या ठेवून गोदाम बंद करणं भाग होतं. या गोळ्यांचा वायू निघतो, तो दिसत नाही, आणि त्यात किडा काय, माणूसही उरत नाही. हे काम परवाना असलेला माणूस करतो. आमच्याकडे शंकर नावाचा एकजण यायचा. त्याला तो एकच रविवार मोकळा होता, त्यानंतर पंधरा दिवस नाही.

त्याच्या आधीच्या गुरुवारी दुपारी मी गोदामात गेले होते. भुरी तोंडात काहीतरी धरून थप्पीवर चढताना दिसली. उंदीर असेल म्हणून मी बघितलं, तर ते पिल्लू होतं, डोळे मिटलेलं. उजव्या कोपऱ्यात, अगदी वरच्या पोत्यांमागे ती नाहीशी झाली आणि बारीक चुंचूं ऐकू आलं. म्हणजे आधीचीही तिथेच होती. या वेळी ती व्याली हे काकांनाही कळलं नव्हतं. माझ्याकडे बघून ती फुसकारलीसुद्धा नाही, नुसती थांबली आणि गेली.

मी काकांना सांगितलं नाही. मला विसर पडला नव्हता. मला ठाऊक होतं की सांगितलं तर काका गोदाम बंद करू देणार नाहीत, पंधरा दिवस भुंगा पोसला जाईल, आणि मला त्यांच्याशी भांडावं लागेल. मी स्वतःला सांगितलं, मांजर पिल्लं हलवतच असतं, रविवारपर्यंत हलवेल. शुक्रवारी मी वर बघायला गेले नाही. शनिवारीही नाही. रविवारी सकाळी मी देवापुढे दिवा लावला आणि तो लावताना हीच गोष्ट डोक्यात होती, तरी बोलले नाही.

रविवारी नऊला शंकर आला. काकांनी आधी मांजरं काढायचं ठरवलं. ते उंबऱ्यावर उभे राहिले, आत वाटी वाजवली. लाभ, दोन, तीन. भुरी नेहमीप्रमाणे शेवटी आली. "चार," काका म्हणाले आणि माती भिजवायला मागे नळावर गेले. दाराच्या फटी लिंपायला माती लागते. शंकर आत पोत्यांवर प्लॅस्टिक ओढत होता. दार उघडं होतं. मी दारातच उभी होते, फोनवर एका व्यापाऱ्याशी बोलत, पाठ गोदामाकडे. माझ्या पायांजवळून काही गेलं असेल तर मला कळलं नाही.

शंकर गोळ्या ठेवून बाहेर आला, मास्क उतरवला, कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली आणि सात दिवस दाराकडे फिरकायचं नाही म्हणून बजावून गेला. झरोके बाबांनी केव्हाच विटांनी बुजवले होते. काकांनी दाराच्या चारी फटी मातीने लिंपल्या, बोटाने दाबून दाबून, एकही चीर ठेवली नाही. चांगलं काम झालं म्हणून मी त्यांचं कौतुकही केलं.

साडेअकराला त्यांनी वाट्या मांडल्या. तीन आले. काकांनी भुरीला हाक मारली. मागे पाहिलं, गल्लीत पाहिलं, कापडवाल्यांच्या जिन्याखाली पाहिलं. मग ते गोदामाच्या दाराशी गेले आणि पत्र्याला कान लावला. मी दुकानातून बघत होते. ते तिथेच उकिडवे बसले आणि मला बोलावलं नाही, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी गेले. आतून भुरीचा आवाज येत होता. घोगरा, लांबलचक. मी जे ऐकलं ते त्यांच्या कानाला आलं नाही बहुतेक, त्या आवाजाच्या खाली बारीक चुंचूं होतं.

"म्या मोजली," काका म्हणाले. "चार मोजले म्या. बाहेर आली होती ते."

बाहेर आलेलं पोतं परत आत जात नाही. मांजर जातं. एवढी साधी गोष्ट पन्नास वर्षांच्या मोजणीने त्यांच्या नजरेतून काढून टाकली होती.

मी शंकरला फोन लावला. तो एका खेड्यात पोचला होता. किती वेळ झाला त्याने विचारलं, मी सांगितलं. कोणालाही आत जाऊ देऊ नका, दारही उघडू नका, मास्क माझ्याजवळ आहे, मी निघालो, असं म्हणून त्याने फोन ठेवला. त्याला यायला तास तरी लागणार होता.

काका म्हणाले, फक्त दार उघड. मी आत जात नाही, उंबऱ्यावरून आवाज देतो, माझ्या आवाजाला ती येते. ते खरं होतं. एरवी ती आली असती. पण वर पिल्लं होती, आणि ती सोडून ती येणार नव्हती, हे त्या गल्लीत मला एकटीला ठाऊक होतं. दार उघडलं की काकांना पिल्लांचा आवाज ऐकू येईल आणि मग त्यांना कोणी धरू शकणार नाही, हेही मला ठाऊक होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी किल्ली मुठीत धरली आणि दाराला पाठ लावून खाली बसले.

"किल्ली दे पोरी."

"नाई देत काका."

"एकच मिनिट. तोंडाले ओला दुपट्टा बांधतो."

मी नुसती मान हलवत राहिले. त्यांनी बाबांचं नाव घेतलं. कौसल्याकाकूंचं घेतलं. मग सत्तरीच्या त्या माणसाने, ज्याने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, माझ्या पायांना हात लावला. मी पाय आखडून घेतले आणि रडले, पण मूठ उघडली नाही. ते दाराचा लिंपलेला भाग नखांनी उकरू लागले. मी त्यांचे हात धरले. अंगात एवढं बळ मला कुठून आलं कळत नाही. समोरचे कापडवाले येऊन त्यांना मागून धरायला लागले तेव्हा ते एकदम ढिले पडले, जसं पोतं शिवण उसवल्यावर पडतं. नंतर ते ओरडले नाहीत. पत्र्याला तोंड लावून आत बोलत राहिले. "येतो बाई. आलोच मी. घाबरू नको." कितीतरी वेळ तेच. शेठ काट्यावरून उठून त्यांच्यापाशी येऊन बसला होता, दलालही कुठे गेला नाही.

आतला आवाज थांबला तेव्हा शंकर यायचा होता. काकांना ते आधी कळलं. त्यांचं बोलणं मधेच तुटलं.

शंकर आला. मी उठून त्याच्या जवळ गेले आणि शक्य तेवढ्या हळू सांगितलं की उजव्या कोपऱ्यात, वरच्या पोत्यांमागे पिल्लंपण आहेत. काका चार पावलांवर भिंतीला टेकून बसले होते, मान खाली. शंकरने आम्हा सगळ्यांना लांब उभं केलं, मास्क लावला, आत गेला आणि त्यांना बाहेर घेऊन आला. त्याने सांगितलं, भुरी दाराच्या आतल्या बाजूला, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर होती, तोंडाशी एक पिल्लू. दुसरी दोन वर होती. ती खाली का आली होती, काकांच्या आवाजाला आली होती का, याचा विचार मी करत नाही. जमेल तेवढा करत नाही.

काकांनी चौघांना आपल्या धोतरात घेतलं आणि मागच्या लिंबाखाली पुरलं. खड्डा त्यांनीच खणला, मला फावड्याला हात लावू दिला नाही. त्यानंतरचे पंधरा दिवस ते कामावर आले, बरोबर वेळेवर. पण पोतं उंबऱ्यावर आलं की ते मोजायचे आणि मग पळत मागे जाऊन परत बघायचे, गाडीत चढलेलं पोतं पुन्हा उतरवून मोजायचे. हमाल कंटाळले. एका सकाळी आकडा म्हणता म्हणता ते सतरापाशी थांबले आणि पुढचा आकडा आलाच नाही. गाडीवाला वाट बघत राहिला. शेवटी मीच जाऊन उरलेली मोजली. संध्याकाळी त्यांनी बहिणीकडे जातो म्हणून सांगितलं.

मी त्यांना डेपोवर सोडायला गेले. एक पिशवी, एक गुंडाळलेली सतरंजी. बस लागली नव्हती. बाकावर आम्ही शेजारी बसलो आणि मी सगळं सांगितलं, गुरुवारपासून. थप्पीवर चढणारी भुरी, चुंचूं, शुक्रवार, शनिवार, दिवा. सांगून झालं तरी ते समोरच्या फलाटाकडे बघत होते.

"ऐकलं होतं म्या," ते म्हणाले. "तू शंकरले कोपरा सांगत होती, तवाच."

मला आधी कळेचना. मग मी विचारलं, एवढे दिवस काऊन नाई बोलले.

"बोललो असतो त तू कबूल झाली असती. मंग मले तुह्यावर राग धरा लागला असता." त्यांनी पिशवीचे बंद सोडून परत बांधले. "तो मले जमत नाई पोरी. म्या लई पाह्यलं धरून. म्हनून म्हटलं, मोजाले मीच चुकलो. तसंच राहू दे."

बस आली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, नेहमी ठेवत. पिशवी मी वर दिली, ती त्यांनी घेतली आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसले.

याला आता दीड वर्ष होईल. महिन्यातून एकदा मी फोन करते. ते उचलतात. बाबांची तब्येत विचारतात, हरभऱ्याचा भाव विचारतात, पाऊस तिकडे किती, इकडे किती. मांजरांचं विचारत नाहीत, मीही काढत नाही. काका, एकदा शिव्या द्या मला, वाट्टेल ते बोला, एवढंच मला म्हणायचं असतं, आणि दरवेळी मी ते म्हणायला तोंड उघडते, तेवढ्यात ते विचारतात, "जेवली का पोरी?" मी हो म्हणते.